दरोग्याला मारलं कोणी?

तुमसर रोड स्टेशनच्या फलाटावर पुस्तकांचा एक स्टॉल होता. धार्मिक पुस्तकं पुढे, आरोग्याची मागे आणि खालच्या फळीवर सुतळीने बांधलेली मुलांची हिंदी मासिकं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या एका मासिकात, टॉनिकची जाहिरात आणि पोपटाची बोधकथा यांच्यामध्ये, चार पानं मोकळी राहिली असावीत. ती भरायला कोणीतरी एक मेलेला दरोगा, म्हणजे हिंदी मुलखातला फौजदार, काढला. चित्रकाराचं नाव छापलेलं नव्हतं. टॉनिकवाल्याचं होतं.

माझा धाकटा काका तेव्हा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होता. गावाहून सायकलने जायचा आणि परत येताना कधी कधी वाट वाकडी करून स्टेशनवर जायचा. गाडी पकडायची नसताना स्टेशनवर जाणं हा आमच्याकडे शौक समजला जाई. तो अंक त्यानेच आणला. मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो आणि आपण जाड पुस्तकं वाचतो अशी माझी समजूत होती. म्हणून मी तो काका झोपल्यावर वाचला.

दरोग्याची गोष्ट अशी. जिवंतपणी तो लाच खाई. कोणीतरी मागून डोक्यात घाव घालून त्याला नदीत टाकलं. वर गेला तर वर घेईनात. तिथे बिनमारेकऱ्याचा मेलेला चालत नसे, आणि याला कोणी मारलं ते यालाच दिसलं नव्हतं. जा, मारणारा घेऊन ये, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवला. तेव्हापासून तो ओले बूट वाजवत हिंडू लागला. दुष्ट माणूस दिसला की म्हणे, “चलो, ऊपर से बुलावा है,” आणि पायाला धरून ओढून नेई. पण लाच सुटली नव्हती. गरिबाचं काम करी आणि जाताना त्याची कोंबडी घेऊन जाई. नायक म्हणावं तर कोंबडी आड येई, खलनायक म्हणावं तर गरिबाचं काम झालेलं असे.

ही चार पानं लोकांना आवडली. पुढच्या अंकात आठ झाली, पोपट गेला, आणि वर्षभराने दरोग्याचं स्वतंत्र पुस्तक दर महिन्याला निघू लागलं. लाल मुखपृष्ठ, बत्तीस पानं. पहिल्या पानावर संपादकाचं निवेदन असे, आणि ते वाचून वाटे की राष्ट्राची उभारणी या पुस्तकावाचून अडली होती. कोंबडीचा उल्लेख त्यात नसे.

आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई भरते; भाजीची नव्हे, जत्रेसारखी. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी अजून उभं असतं, आणि मधल्या दिवसांत एकेका गावची मंडई होते. पाहुणे येतात, पानांचे आणि फुग्यांचे ठेले लागतात आणि भर दिवसा आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मैदानावर, दंडार उभी राहते. गावचीच माणसं सोंगं घेतात, बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि ढोलकीच्या तालावर गोष्ट पुढे सरकते. गोष्टी ठरलेल्या असत, देवादैत्यांच्या. त्या वर्षी मंडई समितीच्या अध्यक्षांना मात्र नवीन काहीतरी हवं होतं. समिती म्हणजे चार माणसं आणि एक सतरंजी; पण त्यांना सगळे अध्यक्ष साहेब म्हणत. त्यांच्या घरीसुद्धा. काकाने त्यांना लाल पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “समाजप्रबोधन आहे.”

काका उंच, गाल बसलेले, खांदे पुढे आलेले. मेलेला दिसायला त्याला फार रंग लागला नाही. मिलमधल्या एकाकडून गमबूट आणले. त्यात पाणी भरलं. तो चालू लागला की बुटांतून जो आवाज येई, त्याने पहिल्या रांगेतली पोरं मागे सरकली. “चाल बे, वरून बोलावणं आलं,” असं त्याने सावकाराच्या मुनशीला म्हटलं तेव्हा आखरावर जी शांतता पसरली ती अध्यक्षांच्या भाषणाला कधी मिळाली नव्हती.

अडचण शेवटी आली. आमच्या गावच्या दंडारीत एक रीत होती. मेलेल्याचं सोंग घेतलं तर ते त्याच दिवशी, त्याच आखरावर उतरवायचं. गोष्टीत ज्याने मारलं असेल त्याने बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, लोटाभर पाणी आणायचं आणि मेलेल्याच्या ओंजळीत घालायचं. मेलेल्याने त्याच पाण्याने तोंड धुवायचं. मग तो मोकळा. देवादैत्यांच्या गोष्टीत हे कधी अडलं नव्हतं. प्रत्येक दैत्याला मारणारा देव तयारच असे. महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी छापून येणारी गोष्ट आखरावर आणण्याची चूक आमच्याच गावाने पहिल्यांदा केली.

ढोलकी थांबली. काका ओंजळ धरून उभा राहिला. लोटा घेऊन कोणी येईना.

“घाल बे पाणी,” अध्यक्ष मुनशी झालेल्याला म्हणाले.

“मी काहून घालू? मी का मारलो त्याले? मी तर दुसऱ्याच पानावर मेलो.”

“मंग मारलं कोनं?”

“ते अजून निंगालं नाही जी,” काका ओंजळ न सोडता म्हणाला. “पुढच्या अंकात येईन.”

लोक हसले. ढोलकीवाले बुवा हसले नाहीत. दंडारीच्या रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा असे. ते म्हणाले, “सोंग उघडं राहिलं.” अध्यक्षांनी तोडगा काढला: अंक दर महिन्याला येतो, पुढच्या मंडईपर्यंत मारणारा कळेल, तेव्हा पाणी घालू. काकाने विहिरीवर जाऊन साबणाने तोंड धुतलं. रंग गेला. बुवांच्या मते तेवढंच गेलं.

पुढची मंडई यायच्या आत आणीबाणी आली. ती आमच्या गावात नेमकी कशी आली हे मला सांगता येणार नाही. स्टॉलवर कशी आली ते सांगू शकतो. आधी दरोग्याच्या टोपीवरचा बिल्ला गेला. पुढच्या अंकात टोपी गेली. त्यापुढच्या अंकात तो दरोगाच नव्हता, जंगलाचा राखणदार होता, आणि त्याने कोंबडी घेणं सोडलं होतं. आता तो गरिबांना झाडं लावायला सांगे. मारेकऱ्याचा शोधही थांबला, कारण राखणदाराला कोणी मारलंच नव्हतं. बूट मात्र तेच राहिले, ओले. चित्रकार बिचारा बूट बदलायचे विसरला असावा; किंवा विसरला नसावाही.

पोलीस पाटलाने अध्यक्षांना सांगितलं की यंदा दरोगा नको. मग देवादैत्यांची दंडार झाली. काकाला त्यात कामही मिळालं नाही. एक सोंग उघडं असताना दुसरं चढवत नाहीत, असं बुवांनी सांगितलं. तो मागे बसून लोकांच्या पगड्या बांधून देत होता.

काळ पालटला. बिल्ला परत आला, टोपी आली, कोंबडी आली. “पाठकों की भारी माँग पर,” असं संपादकाने लिहिलं. जणू बिल्ला आधी पाठकांनीच उतरवायला लावला होता. मारेकऱ्याचा शोध पुन्हा सुरू झाला, आणि यावेळी तो नक्की लागणार असं वाटू लागलं. प्रत्येक अंकात एक संशयित कमी होई.

याच सुमाराला काकासाठी आसगावची मुलगी सांगून आली. पवनीकडचं धानाचं घर, माणसं सरळ. माझे वडील, काका आणि मी गेलो. मुलगी पोहे घेऊन आली. तिने आमच्या गावच्या मंडईत तो दरोगा पाहिला होता; तिची मावशी आमच्या गावात दिली होती. वडीलधारे धानाच्या भावाकडे वळल्यावर तिने काकाला हळूच विचारलं, “मंग दरोग्याले मारलं कोनं?”

काका गडबडला. “अजून निंगालं नाही,” म्हणाला.

“निंगालं का सांगजा,” ती म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

परतताना एसटीत काका खिडकीबाहेर पाहत होता. वडिलांनी विचारलं, “काय रे, पसंत हाय ना?” तो म्हणाला, “तिनं बरोबर विचारलं दादा.” वडिलांना वाटलं, हुंड्याबद्दल काही विचारलं असेल. ते घाबरले.

मुलीच्या वडिलांचा निरोप आठवड्याने आला. घर चांगलं, मुलगा चांगला, मिलमधली नोकरी चांगली. फक्त ते सोंग तेवढं उतरू द्या, मग तारीख काढू. बायको आणि सासू कोणाचं ऐकतात, तुम्हीच सांगा, असंही त्यांनी जोडलं होतं. मी चिडलो. म्हणालो, कोणालाही मारेकरी ठरवा आणि घाला पाणी; कागदावरचा माणूस आहे. बुवांनी शांतपणे विचारलं, “कोनाले ठरवू? तो खून कोन आपल्या अंगावर घेईन?” मी म्हणालो, मी घालतो. ते म्हणाले, “तू कधी दंडारीत नाचला हायेस का?” मी नाचलो नव्हतो. मी फक्त वाचत होतो, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तरी आम्ही फार चिंतेत नव्हतो, कारण त्याच महिन्याच्या अंकात मुखपृष्ठाच्या आत मोठी जाहिरात होती: पुढच्या अंकात दरोग्याचा मारेकरी! शेवटच्या पानावर दरोगा नदीकाठी उभा, समोर एक पाठमोरा माणूस, आणि तो माणूस मान वळवायला लागलेला. कान दिसत होता. कान कोणाचाही असू शकतो.

पुढचा अंक आला नाही.

पहिल्या महिन्यात काका एकदा गेला, दुसऱ्यात रोज. स्टॉलवाला इटारसीकडचा होता, विकायचं पुस्तक वाचायचं नाही हा त्याचा नियम.

“आया क्या?”

“आया तो दूँगा नहीं क्या? अचार डालूँगा उसका?”

“कब आएगा?”

“भाईसाब, आप मारने वाले को ढूँढ रहे हो कि मेरे को मारने वाले हो?”

मग एक दिवस त्याने स्वतःच सांगितलं की त्या कंपनीचा माल बंद झाला. कागद महागला म्हणतात, भावाभावांत भांडण झालं म्हणतात. मला सुट्टी होती. पुस्तकावर मध्य प्रदेशातल्या एका शहराचा पत्ता होता; मी तिथे गेलो. वाटेत मी चित्रकाराला काय विचारायचं ते मनाशी घोळवत होतो. पत्त्यावर शिवणयंत्रांचं दुकान होतं. दुकानदार भला माणूस, त्याने चहा पाजला. म्हणाला, पूर्वी इथे काहीतरी छापत असत, शाईचा वास अजून येतो पावसाळ्यात. चित्र काढणारा कोण होता ते त्याला माहीत नव्हतं. त्याने मला हप्त्याने मशीन घ्यायचा सल्ला दिला.

मी हे काकाला सांगितलं तेव्हा तो मिलच्या दारात भाताच्या कोंड्याने माखून उभा होता. “म्हंजे त्यालेच माहीत असन फक्त,” तो म्हणाला. “ज्यानं कान काढला त्याले.” मी होय म्हणालो. 

आसगावकरांनी एक मंडई वाट पाहिली, मग आणखी एक. त्यांची बाजू वाईट नव्हती. घरात धाकटी होती. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. मावशीच्या घरी पत्रिका आली, आम्हालाही आली. काका जेवायला गेला, आणि परत आल्यावर भाजी चांगली होती म्हणाला.

मग बरीच वर्षं काही छापून आलं नाही. मी जिल्ह्यातच शिक्षक झालो. काकासाठी आणखी स्थळं आली आणि प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या कानावर ते सोंग गेलं. गंमत म्हणजे स्वतः काका काही मानत नसे. “मले काहीच होऊन नाही राहिलं,” तो सांगे. “लोकायलेच होऊन राहिलं.” मंडईत तो पगड्या बांधत राहिला. पगड्या उत्तम बांधी.

ऐंशीच्या दशकात तुमसरला व्हिडिओ आला, आणि स्टॉलवर चकचकीत कागदाची चित्रपुस्तकं आली. त्यांत एक दिवस दरोगा होता. दुसऱ्याच कंपनीने त्याचं नाव विकत घेतलं होतं. खांदे रुंद, छाती पुढे, बूट कोरडे. संपादकाचं निवेदन आता रंगीत होतं. त्यात लिहिलं होतं की दरोगा कधी मेलाच नव्हता. दुष्टांना फसवण्यासाठी त्याने मरणाचं नाटक केलं होतं. आणि कोंबडी तो खात नसे, अनाथाश्रमाला देई.

काकाने ते पुस्तक घरी आणलं. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, सुटला. मेलाच नव्हता तर मोकळं काय करायचं? माझे वडील पुस्तक छातीशी धरून अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष आता पतसंस्थेचेही अध्यक्ष होते, पण त्यांनी वेळ दिला. चष्मा लावून निवेदन वाचलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. तांत्रिकदृष्ट्या प्रश्नच मिटतो.” बुवांना बोलावलं. बुवा थकले होते, ढोलकी मुलाकडे दिली होती. त्यांनी पुस्तक हातात न घेता नुसतं चित्र पाहिलं.

“हा कोन व्हय?”

“दरोगा, बुवा. तोच. छापून आलं हाय, तो मेलाच नव्हता,” वडील म्हणाले.

“त्यायचा नसन मेला,” बुवा म्हणाले. “आपला मेला होता. मी सोता पाह्यला.”

अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे, पण एखाद्या पात्रावरचा हक्क विकत घेणाऱ्यांना इतकं नेमकं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. फक्त ते सांगताना माझा काका दाराशी उभा होता आणि त्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

नवा दरोगा चालला नाही. कोरड्या बुटांना कोण घाबरतं? तेव्हा कंपनीने जुने लाल अंक एकत्र बांधून एक जाड पुस्तक काढलं. बहुधा पडून असलेला कागद संपवायला. काकाने ते स्टॉलवरच शेवटून उघडलं. शेवटच्या पानावर तोच नदीकाठ, तोच पाठमोरा माणूस, तोच कान. खाली पूर्वी ‘अगले अंक में’ असं होतं. तिथे आता पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर छापलं होतं: समाप्त.

हे पुस्तक बुवांनी हातात घेतलं. बूट पाहिले. ओले होते. “हा तोच व्हय,” म्हणाले. मग काकाने त्यांना तो शेवटचा शब्द वाचून दाखवला. 

“म्हंजे मारणारा सापडलाच नाही?”

“नाही जी.”

“आन् केस बंद?”

“बंद.”

“मंग ठीक हाय,” बुवा म्हणाले. “पोलिसात असंच होते.”

बुवांना एवढं पटल्यावर रीत मोकळी झाली. वैनगंगेत कुठूनतरी वाहत आलेलं, कोणाचंच नसलेलं प्रेत काठाला लागलं की पाणी द्यायला माणूस शोधत बसत नाहीत; सगळं गाव देतं. त्या मंडईला काकाने पुन्हा गमबूट घातले. बोडीवरून दोन बादल्या भरून आणल्या. दंडार बघायला पूर्वीसारखी गर्दी नव्हती, निम्मे लोक तुमसरला व्हिडिओ पाहायला गेले होते. जे होते ते एकेक करून आले आणि काकाच्या ओंजळीत थोडं थोडं पाणी घालून गेले. बऱ्याच पोरांना हे काय चाललं आहे ते माहीत नव्हतं. रांग दिसली म्हणून ती उभी होती. मीही घातलं. यावेळी नाचला आहेस का असं कोणी विचारलं नाही. काकाने तोंड धुतलं आणि रंग गळ्यावरून सदऱ्यात उतरला. अध्यक्षांनी भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकासाठी की भाषण संपलं म्हणून, ते कळलं नाही.

वडील दुसऱ्याच दिवशी स्थळ पाहायला निघाले. ते एकटेच गेले; पण पाहुणे घर बघायला येतील म्हणून काकाच्या केसांना त्यांनी स्वतः कलप लावून दिला होता. गोबरवाहीकडे एक घर होतं, माणसं समजूतदार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोंगाचं तर त्यांनी विचारलंही नाही. ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मुलगा काय करतो, शेती किती, असं सगळं विचारून झाल्यावर मुलीच्या भावाने विचारलं, “वय का व्हय जी त्यायचं?” वडिलांनी दोन-तीन वर्षं कमी करून सांगितलं. तरीही भावाने मुलगी दाखवली नाही. चहा दिला.

परत आल्यावर वडील ओसरीवर बसून राहिले.  आतून ते जाड पुस्तक आणून काका शेवटचं पान उघडून बसला. त्या पट्टीच्या कडेला नख लावून पाहत होता, खाली काही आहे का. खाली काही नव्हतं, पट्टी छापलेलीच होती.

“आसगाववालीची मावशी म्हणत होती, यंदाच्या मंडईले ती आली होती,” तो म्हणाला. “पोरं घेऊन. रांगेत होती म्हणे. मले दिसली नाही. डोळ्यात पाणी जाऊन राहिलं होतं.”

“मग?” मी म्हणालो.

“मंग काई नाही. निंगालं का सांगजा म्हणली होती ना.” त्याने पुस्तक मिटलं. “तिले काय सांगू आता?”